पन्नास फुटांची वायर

धान्य चाळायची मोटर सुरू झाली आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सोयाबीनचं एक पोतं सहाशे किलोचं झालं. श्रीशैलनं कपाळाला हात लावला आणि बायकोकडं पाहिलं. श्रीदेवी लग्नाआधी पुण्यात कॉम्प्युटरला जोडलेल्या असल्याच वजनकाट्यांवर काम करायची.

दोष काट्याचा नव्हता, वायरीचा होता. कळंबच्या त्यांच्या आडतीत काटा शेडात आणि ऑफिस आवाराच्या पार टोकाला. मधली वायर आरएस-२३२ पद्धतीची. ती म्हणजे ओट्यावरच्या गप्पा. दोघांनी पन्नास फुटांच्या आत बसावं, तरच जमतं. अंतर वाढलं की त्यात मोटरीची घरघर मिसळते आणि भलतेच आकडे येतात. आरएस-४८५ मात्र पीळ घातलेल्या दोन तारांतून किलोमीटरभर आकडा नीट पोचवते. कॉम्प्युटर शेडात आणावा तर तिथं धूळच धूळ. म्हणजे ४८५ टाकायची, एवढं सोपं होतं.

पण काट्याजवळ तिचे सासरे शरणबसप्पा बसायचे. तरुणपणापासून वजन तेच पुकारत आले होते आणि अजूनही त्यांचा आवाज ऐकूनच पावती फाटायची. आकडा वायरीतून नीट यायला लागला की आप्पांना घरी बसवायला श्रीशैल टपलेलाच होता. कामाच्या माणसाला आराम कर म्हणणं म्हणजे त्याला खुंटीला टांगणंच की.  आपल्या काट्याला ४८५ चालत नाही, आप्पांचा आवाजच बरा, असं श्रीदेवीनं ठोकून दिलं. तुझं शिक्षण पाण्यात गेलं, असं नवरा म्हणाला. 

दुपारी शेड रिकामं झालं तेव्हा आप्पांनी तिला जवळ बोलावलं. लांबची वायर चालते हे काटा बसवणाऱ्यानं त्यांना कधीच सांगितलं होतं. श्रीदेवीनं मान खाली घातली.

“माझ्यासाठी खोटं बोललीस,” ते म्हणाले. “ती वायर टाक, पोरी.”

“मग पुकारायचं काम राहणार न्हाय, आप्पा.”

म्हाताऱ्यानं आजूबाजूला कानोसा घेतला. “दिवाळीपासून मला आकडा दिसत न्हाय. बजरंग हमाल हळूच सांगतो, ते मी पुकारतो. अन् लोक अजून माझ्याच भरवशावर माल घालतात.”