संकष्टीचा चढ

“आज उपास आहे तुझा. पट्टा नको बांधूस गं,” सासूबाई कळवळून म्हणाल्या.

“चंद्र उगवायच्या आत येते, आई. एकच तर ऑर्डर आहे.” मृण्मयीनं मनगटाला पट्टा आवळला, सुई टोचली आणि स्कूटर गुरगुरली.

पेट्रोल परवडेनासं झाल्यापासून सगळ्या स्कूटरी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या साखरेवर पळत. दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी ती घरोघर जेवण पोचवायची, आणि मिळालेलं सगळं तिच्याच खाण्यावर जायचं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! त्यात मूल व्हावं म्हणून वर्षभर धरलेली ही कडक संकष्टी.

टेकडीच्या चढावर स्कूटर थांबली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘चालकाचं इंधन संपलं.’ तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जेवण पोचल्याशिवाय पट्टा सुटणार नव्हता.

मग अक्षरं हिरवी झाली. ‘दुसरा स्रोत सापडला.’

“दुसरा कुठला? मी तर एकटीच आहे,” ती पुटपुटली, आणि तिचा मोकळा हात आपसूक पोटावर गेला.

ती ‘नको, नको’ म्हणेपर्यंत स्कूटर सुसाट चढ चढू लागली होती.