समोरची मरियामाता

"मरियामातेचं चित्र इथंच आहे का हो?" बेल वाजवून प्रवासी विचारत आणि क्लेलियाच्या अंगाचा तिळपापड होई. इटलीतल्या त्या डोंगरगावातल्या धाकट्या चर्चची किल्ली तिच्याकडे असे. पण नावाजलेलं चित्र होतं समोरच्या थोरल्या चर्चमध्ये, आणि तिथली किल्ली रोझिनाच्या कमरेला. चाळीस वर्षं क्लेलिया समोर बोट दाखवत आली होती.

गेल्या हिवाळ्यात तिला चर्चच्या कपाटाच्या तळाशी एक जुना कागद सापडला. धाकट्या चर्चच्या छपराची दुरुस्ती होईपर्यंत चित्र समोर ठेवायला दिलं होतं म्हणे! छप्पर दोनशे वर्षांपूर्वीच दुरुस्त झालं, चित्र परत मागायचं मात्र सगळे विसरले. क्लेलियानं तो कागद थेट बिशपांपुढे नेऊन ठेवला, आणि ईस्टरच्या आत चित्र धाकट्या चर्चमध्ये आलं. रोझिनाचं पडलेलं तोंड बघायला ती मुद्दाम दारात उभी राहिली.

रोझिना आली, पण भांडली नाही. चित्रापुढे घटकाभर उभी राहून म्हणाली, "संध्याकाळचं ऊन तिला सोसत नाही गं. डाव्या गालाचा रंग सुटायला लागतो. पाच वाजले की पडदा ओढत जा."

क्लेलियानं चित्राकडे पाहिलं. ज्याच्यापायी चाळीस वर्षं जळली, त्यातला डावा गाल तिनं आज पहिल्यांदाच नीट पाहिला. रोझिना पायऱ्या उतरू लागली आणि क्लेलियाच्या मनात पहिल्यापेक्षाही मोठा आगडोंब उसळला.

"थांब," ती दातओठ खात म्हणाली, "आणखी काय काय सोसत नाही तिला?"