डाकबंगल्यातलं चित्र

बहात्तरच्या दुष्काळाची पाहणी करायला आलेले साहेब अक्कलकोटच्या डाकबंगल्यातल्या जुन्या चित्रापुढं थबकले. कुण्या गोऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी रंगवलेला धबधबा, काळेकभिन्न कडे, अन् सगळ्यावर बोटभर धूळ.

"ओल्या फडक्यानं पूस रे हे."

चौकीदार कल्लप्पाच्या घागरीत तांब्याभरच पाणी उरलं होतं आणि टँकर उद्या यायचा होता. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. फडकं बुचकळून बुचकळून पुसलं, तेव्हा कुठं चित्रातलं पाणी पांढरं झालं, तांब्यातलं काळं.

"वा! नुसतं बघूनच गार वाटलं," साहेब म्हणाले.

मागच्या खोलीत कल्लप्पाची बायको काशम्मा तापानं फणफणली होती.

"घोटभर पाणी द्या की वो."

कल्लप्पानं रिकामी घागर उपडी करून दाखवली.

"सकाळी तर हुतं की. कुटं गेलं?"

"धबधब्याला घातलं."