आई घरात नव्हती

शहर राहण्याजोगं आहे का, हे ठरवणारा अहवाल नगरपालिकेच्या सर्वेक्षकाने एकदाचा पूर्ण केला. रस्ते, दिवे, पाणी, बागा, सगळ्यांना गुण देऊन तो दुपारीच घरी आला, तर दाराला कुलूप. आईला फोन लावला, तो आतच वाजला. तो तसाच तिला शोधायला निघाला. गुडघे दुखायला लागल्यापासून दोन वर्षांत ती एकटी बाहेर पडली नव्हती. "मध्येच पाय अडला तर रस्त्यात काय करू?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

दवाखाना झाला, औषधाचं दुकान झालं, शेजारच्या गल्ल्या पालथ्या घालून झाल्या. शेवटी तो धापा टाकत पार टोकाच्या वाचनालयात पोचला. खिडकीपाशी आई जुन्या मैत्रिणीशी गप्पा छाटत बसली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिच्या शेजारी मटकन बसला.

"काय गं आई, सांगून तरी जायचंस! एवढं लांब चालत आलीस?"

"चालत कुठे रे? बसत बसत आले," आई हसली. "वाटेत सहा बाक टाकलेत आता. तुला दिसले नाहीत?"