पावणे पाच

प्रतीक्षाची सोयरीक फिसकटली. घरात मात्र असं ठरलं आहे, की त्या दिवशी तिला पाहायला कोणी आलंच नव्हतं.

जीप अंगणात थांबली तेव्हा प्रतीक्षा डोक्यावर वांग्याचं टोपलं घेऊन वाडीतून येत होती. तिचा भाऊ नितेश बाजेवर बसून मिशीला डाय लावत होता. अर्धी मिशी काळी झाली होती. उरलेल्या अर्धीचा विचार चालू होता.

जीपमधून लोक उतरतच राहिले. नऊ निघाले.

"राम राम," मूर्तिजापूरचे खुशालराव, मुलाचे वडील, म्हणाले. "लवकर तं नाई आलो न आमी?"

"नाई नाई." नितेशने मिशीवर हात ठेवला. "पण पावणे पाच येणार होते न?"

"हो मंग. पावणेपाचच झाले." खुशालरावांनी मनगट पुढे केलं.

नितेशने घड्याळ पाहिलं, मग माणसं मोजली, मग त्याच्या लक्षात आलं. सकाळी फोन त्याच्या मुलीने, दुसरीतल्या दीपमालाने उचलला होता. 'पावणेपाचले येतो' हा निरोप तिने घरभर पोचवला होता: पावणे येऊन राहिले, पाच. त्यावर घरात पाच बश्या घासल्या गेल्या. वेळ कोणी विचारली नाही. पाहायला येणारे दिवेलागणीलाच येतात.

लाज वाटली की नितेशचा आवाज चढतो. "पोट्टी मंद हाय जराशी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "महिना झाला, घड्याळ शिकवून राहिलो."

"कोनाची पोट्टी?" खुशालरावांच्या बायकोने विचारलं.

"माहीच."

नऊही जणांनी आधी एकमेकांकडे आणि मग प्रतीक्षाकडे पाहिलं.

"घरान्यातच हाय का?" बाईंनी हळूच विचारलं.

दाराआडून दीपमाला बाहेर आली. रडत नव्हती. "बाबा, तुमी सव्वा शिकवलं, साडे शिकवलं. पावणेचं उद्या सांगतो म्हणे."

"कवा म्हटलं?"

"रोजच म्हणता."

खुशालराव आपल्या चपलांकडे पाहू लागले. टोपलं उतरवायचं प्रतीक्षाला सुचलं नव्हतं.

नितेश उठला. हात जोडले. डायचा एक ओघळ हनुवटीवर आला होता. ग्रामसभेत ठराव वाचतात तशा आवाजात तो म्हणाला,

"उपस्थित सर्व मंडळींना नम्र विनंती करण्यात येते, की आपण सर्वांनी कृपया पाच मिनिटं मागं जावं. मी पोरीले मंद म्हटलं, त्याच्या अगोदरपर्यंत."