कासवाचं वजन

कल्पना करा, तुमच्या तळहातावर शिशाची एक चौकोनी वडी आहे. वर कासव कोरलेलं. जुन्या अथेन्सच्या बाजारात असलं वजन तराजूत पडायचं: पाव मीना, म्हणजे आजचे एकशे नऊ ग्रॅम. आता सांगा, तेवढा भार व्हायला प्रोटॉन साधारण किती लागतील?

हेच गणित स्तामातिस मास्तरांनी आंथीला घातलं होतं.

"पासष्टावर तेवीस शून्यं," आंथी म्हणाली.

"चोवीस, पोरी. कालच्या गणितातही एक शून्य हरवलंस."

"कासवाने खाल्लं असेल."

मास्तर हसले नाहीत. वहीतल्या खोडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "ईस्टरला घेतलेलं खोडरबर एवढंसं झालं?"

"चुका फार होतात ना माझ्या."

डोंगरातल्या त्या गावात आता अकराच घरांतून धूर निघे. शाळा बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी मास्तर तिथेच राहिले होते. आंथी गावातलं एकुलतं एक मूल. सकाळी एकटीच बसने खालच्या गावी शाळेला जाई, दुपारी मास्तरांकडे येई.

फोन वाजला. स्टुटगार्टहून त्यांची लेक, फोतिनी. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बाबा, तुमची खोली तयार आहे. आलं का तिचं उत्तर?"

"एका शून्याने चुकलं."

"पुन्हा? महिनाभर हेच ऐकतेय. तिचं एक गणित बरोबर आलं की निघतो म्हणालात!"

"म्हणालो, आणि निघेनही. पण शिकणाऱ्याला अर्ध्यावर सोडून मी आजवर कुठे गेलेलो नाही."

"मग नीट शिकवा तरी तिला!"

आंथी खाली मान घालून बसली होती. फोन ठेवून मास्तरांनी तिच्या मुठीत दोन सुके अंजीर कोंबले.

"उद्या इलेक्ट्रॉन. कासव तेच. जमेल?"

"बघू, मास्तर."

दार लागलं. आंथी बाहेरच्या पायरीवर बसली. समोरच्या चौकात झाडाखाली चार रिकाम्या खुर्च्या होत्या. तिने वही उघडली आणि उद्याचं गणित तिथेच सोडवलं. बारावर अठ्ठावीस शून्यं. एकेक मोजून तिने उत्तर पुन्हा ताडून पाहिलं. बरोबर होतं.

मग तिने खोडरबर काढलं आणि शेवटचं शून्य पुसून टाकलं.