मीठ बरोबर आहे का?

छकुलीच्या आईला पाचवा महिना होता, म्हणून सरकारकडून तिला रोज जेवणाचा डबा मिळे. डबा घरी गेला की सासू तो सगळ्यांच्या ताटांत वाटून टाकी आणि हिच्या वाट्याला फक्त तो घासणं येई. वजन काही वाढेना.

छकुलीच्या बालवाडीच्या ताईंनी नियमांची वही उघडली. मुलांना वाढण्याआधी एका आईने जेवणाची चव बघावी, असा नियम त्यांना सापडला.

"उद्यापासून चव तुम्ही बघायची," त्या छकुलीच्या आईला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने बोटावर घेऊन चाटलं. "मीठ बरोबर आहे."

"बोटावर काय कळतंय? वाटीभर घ्या. बसून, नीट बघून सांगा."

वाटी रिकामी झाली.

"आता तळाचं बघा. तळाला मीठ जास्त असतं."

छकुली रांगेतून ओरडली, "ताई, आईला अजून कळलं नाही?"

"सरकारी काम आहे बाळा, घाई करून चालत नाही."

महिन्याभराने आईचं वजन दोन किलोंनी वाढलं. ताई स्वतःच्या युक्तीवर खूश होऊन गालात हसल्या.

वजनकाट्यावरून उतरताना ती त्यांच्या कानाशी लागली. "ताई, मीठ मला वासावरूनच कळतं हो. पण उद्याही तळाचं बघायचंय ना?"